मदत हवी आहे : खंजिरी भजन गाणाऱ्या पोरीची ऑडिशनची तयारी

नमस्कार दादा-ताईंनो. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातले. माझी पुतणी सोळा वर्षांची आहे, लहानपणापासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजनं गाते. काळी चार पट्टीत (पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीच्या सुरात) आवाज असा लागतो की देवळाबाहेरची माणसंही थांबतात.

तिला ‘द व्हॉइस इंडिया’सारख्या टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत उतरायचं आहे. २०१५ चा पहिला सीझन मी पाहिला होता. शान, सुनिधी चौहान, मिका सिंग, हिमेश रेशमिया हे चार कोच गाणाऱ्याकडं पाठ करून बसायचे आणि आवाज आवडला तरच खुर्ची फिरवायचे. चेहरा, कपडे, गाव काही दिसत नाही, म्हणूनच मला हा प्रकार आपल्या पोरांसाठी खरा वाटतो. तो सीझन उत्तराखंडच्या पवनदीप राजननं जिंकला.

माझी अडचण अशी. पुढच्या बॅटल राउंडमध्ये एकाच कोचच्या टीमचे दोघं एकच गाणं मिळून गातात. आमची पोरगी भजनात टीप (वरचा सूर) धरून मोकळ्या गळ्यानं गाते, दुसऱ्याचा सूर ऐकत गायची तिला सवय नाही. ही सवय कशी लावावी? ऑडिशनला भजनच म्हणावं की सिनेमाचं गाणं? अमरावती-यवतमाळकडं माईकवरचं गाणं शिकवणारं कोणी असेल तर सांगा नं. कापूस वेचणी आटोपली की मी स्वतः तिला घेऊन येतो.