फूड बँक म्हणजे उरलेला मसालेभात नव्हे

एकांनी लिहिलंय, मंगल कार्यालयात उरलेला मसालेभात रात्री वाटला की झाली फूड बँक. तसं नाही हो. पहिली फूड बँक, सेंट मेरीज, अमेरिकेत फिनिक्सला १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी काढली. दुकानांनी टाकलेल्या मालावर पोरं पोसणाऱ्या एका बाईकडून त्यांना ती सुचली: जास्त असेल त्यानं ठेवायचं, नड असेल त्यानं काढायचं.

खरं काम गोदामातलं. तारखा बघायच्या, खराब माल बाजूला काढायचा, उरलेला स्थानिक संस्थांकडे पोचवायचा.

२०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात आम्ही बेळगावच्या शहापुरात गल्लीगल्लीतून भाकऱ्या गोळा केल्या. कडक भाकऱ्या टिकल्या, पण कुणीतरी तव्यावरच्या गरम मऊ भाकऱ्या त्याच पोत्यात कोंबलेल्या. चिकोडीकडे पोत्याचं तोंड सोडलं तर निम्म्यांना बुरशी! बिस्किटांचे पुडे एकाच गावात ढीगभर, शेजारच्या गावात एकही नाही. (एकांनी कुंदा, म्हणजे दुधाची मिठाईही दिलेली, आता काय बोलणार.) तेव्हा भाकऱ्या कमी नव्हत्या, वही घेऊन बसणारा माणूस नव्हता.

खानापूर रोडला कुणाचं कोरडं गोदाम रिकामं असेल तर सांगा, पावसाळ्याआधी बसून बोलू.