कांड्या पूर्ण, तरी नेट नाही

कुणीतरी विचारलंय की गोव्यातल्या फोंड्याच्या कॅफेत वायफायच्या सगळ्या कांड्या दिसतात, तरी पान का उघडत नाही, आणि ओटीपी टाकून लॉगिन करायचं पानही का येत नाही. कांड्या फक्त तुमचा फोन आणि भिंतीवरचा डबा (राउटर) यांच्यातला सिग्नल दाखवतात. डब्यामागे फायबरची एकच लाइन असते, ती सगळे गिऱ्हाईक वाटून घेतात. शिवाय एका चॅनेलवर (वायफायच्या लहरींच्या एका पट्ट्यावर) साधारणपणे एका वेळी एकच जण बोलू शकतो. लांब, चिऱ्याच्या जाड भिंतीआड बसलेल्याचा फोन सावकाश बोलतो आणि बाकीच्यांचा वेळ खातो. पावसात भिंत ओली असली की आणखी त्रास. २.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारे चॅनेल तीनच (१, ६, ११), म्हणून बाजारात गर्दी होते; जमेल तिथे ५ गिगाहर्ट्झ निवडा, पण त्याचा सिग्नल भिंतींतून कमी जातो, म्हणून डब्याच्या जवळ बसा.

ओटीपीचं पान येत नाही ही तक्रार मात्र वेगळी. लॉगिन होईपर्यंत डबा तुमची मागणी अडवून स्वतःच्या पानाकडे वळवतो. एचटीटीपीएसच्या (कुलूपबंद, सुरक्षित) साइटवर हे जमत नाही, कारण साइटची ओळख पटवणारं प्रमाणपत्र जुळत नाही. म्हणून फोन जोडल्याबरोबर स्वतःच एक साधी चाचणी-मागणी पाठवतो आणि ती वळवली गेली की लॉगिनची सूचना दाखवतो. अँड्रॉइडमध्ये खाजगी डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) ठरावीक सर्व्हरवर बांधला असेल किंवा व्हीपीएन (सगळी वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे गुप्तपणे नेणारी सोय) चालू असेल तर इथेच अडू शकतं. मडगावला थांबलो असताना मी अर्धा तास याच्यात घालवलाय. दोन्ही बंद करा, लॉगिन करा, मग व्हीपीएन परत लावा.