स्ट्रोकच्या औषधाची चार लॅबमध्ये उंदरांवर चाचणी: बजेटमध्ये काय सुटतंय?

रंकाळाकाठ
कोल्हापूर, सांगली, पुणे, बेळगाव अशा चार लॅब मिळून इस्केमिक स्ट्रोकवरच्या (मेंदूची धमनी तुंबून येणाऱ्या झटक्यावरच्या) एका औषधाची सामायिक चाचणी करणार आहोत. प्रस्ताव तीन वर्षांचा, चार समान वाटे: उंदीर, केमिकल्स, एकेक जेआरएफ (कनिष्ठ संशोधक). औषधाचा एक गट, बिनऔषधाचा एक, दर गटात १७ उंदीर. पैसे आमच्या कॉलेजात येतील, तिथून पुढे वाटू. चालेल का?

पिंजरा नं. ४
आधी १७ खोडा. औषधाचा परिणाम एका प्रमाणित विचलनाएवढा (उंदरा-उंदरांतल्या नेहमीच्या फरकाएवढा) धरला की हा आकडा येतो, आणि एवढा परिणाम सहसा एकेकट्या लॅबच्या पेपरातच दिसतो. निम्मा धरा: ८० टक्के पॉवर (खरा परिणाम सापडण्याची शक्यता), ५ टक्के अल्फाला (नसलेला परिणाम दिसण्याची शक्यता) गटात ६४ लागतात. दोन गटांचे १२८. चौथा हिस्सा दगावणार किंवा बाद होणार धरला तर १७१, म्हणजे लॅबमागे ४३.

शिवाय समन्वयाचा पाचवा वाटा कुठाय? एनआयएच या अमेरिकी सरकारी संस्थेच्या स्पॅन नेटवर्कमध्ये, म्हणजे स्ट्रोकवरच्या उपचारांच्या अशाच सामायिक प्राणी-चाचणीत, सहा लॅब होत्या आणि समन्वय केंद्र वेगळं. रँडमायझेशन (कुठला उंदीर कुठल्या गटात, याची सोडत) आणि औषधाच्या सांकेतिक कुप्या केंद्राकडे. कॉर्नर टेस्टचे (कोपऱ्यात उंदीर कुठल्या बाजूला वळतो ते बघणाऱ्या चाचणीचे) व्हिडिओ अपलोड करायचे, गुण देणाऱ्याला गट ठाऊक नसायचा. सहा उपचारांतून शेवटी तरलं एकटं युरिक ॲसिड. सांख्यिकी आणि डेटा बघणारा पगारी माणूस पहिल्या दिवसापासून हवा. फावल्या वेळातलं हे काम नव्हे.

खडखडीत हिशेब
वाटप तुमच्याकडे घेऊ नका. एका लॅबचं यूसी (खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र) अडलं की चौघांचा पुढचा हप्ता अडतो. मंजुरीपत्रं लॅबगणिक वेगळी मागा. पैसे रँडमाइझ केलेल्या उंदरामागे द्या, शेवटपर्यंत जगलेल्यामागे नको. नाहीतर मेलेले उंदीर नोंदवहीतून गुपचूप गायब होतात.

वयस्क उंदीर वापरणार असाल तर पिंजऱ्याचा रोजचा खर्च आत्ताच धरा. दीड वर्षाचा उंदीर हवा तर पहिल्याच महिन्यात पिल्लं घ्यावी लागतात, तीन वर्षांतली निम्मी तिथंच सरतात. आयएईसीची (संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची) मंजुरीही चारही ठिकाणी वेगवेगळी. फॉर्म बी, म्हणजे त्या मंजुरीच्या अर्जातले, आकडे जुळवून घ्या.

रंकाळाकाठ
यूसीचं डोक्यातच नव्हतं. लेझर डॉपलर (रक्तप्रवाह मोजायचं यंत्र) चौघांत एक पुरेल का? फिरवून वापरू.

पिंजरा नं. ४
नाही पुरणार सर. स्ट्रोक घडवायला फिलामेंट (बारीक धागा) धमनीत सरकवल्यावर मेंदूचा रक्तप्रवाह ७० टक्क्यांनी तरी उतरला का, हे त्याच क्षणी टेबलावर दिसायला हवं. नाहीतर धमनी बंदच न झालेला उंदीर ‘औषधानं वाचला’ म्हणून मोजला जाईल. सिलिकॉन टोकाची फिलामेंट्स चौघांना एकाच लॉटची घ्या, टोकाची जाडी बदलली की इन्फार्क्टचा (मेंदूच्या मेलेल्या भागाचा) आकार बदलतो.

हीटिंग पॅडला यूपीएसही लावा. वीज गेली आणि गुदाशयातलं तापमान ३७ वरून ३४ वर घसरलं तर ती थंडीच मेंदू वाचवते, श्रेय मात्र औषधाला जातं. यूपीएसची रक्कम उपकरणांच्या रकान्यात टाका. किरकोळ खर्चात टाकलीत तर ऑडिटवाले आक्षेप काढतील.