‘दुःखाचं दुकान’ म्हणणाऱ्यांनी एकदा रांजणगावात मुक्काम करावा

शेनपुंजीचा
गोदाकाठ सरांनी काल त्या नव्या कादंबरीला ‘दुःखाचं दुकान, मराठवाड्याची बदनामी’ म्हटलं. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: धारूरकडचं ऊसतोड जोडपं कोयता सोडून वाळूज एमआयडीसीलगतच्या रांजणगावात खोली करतं, बाप वाळूजला कंत्राटी हेल्पर, थोरलं पोरगं बंदच्या दगडफेकीत सापडतं. सर, पुस्तकानं बदनामी होते, आन् आमच्या खोल्यांनी होत नाही का? मी तिथं सहा वर्षं काढली. वर पत्रे, आत पाच जण. फर्स्ट शिफ्टवाला उठला की थर्डवाला त्याच ऊबदार गोधडीत शिरायचा. ९ ऑगस्ट २०१८ ला मराठा आरक्षणाच्या बंदमध्ये वाळूजच्या कंपन्या फोडल्या तेव्हा मी गेटच्या आत होतो. पुढं आठवडाभर काम बंद. काचा नव्या बसल्या, आमची हजेरी मात्र ठेकेदारानं कापली ती कापलीच.

गोदाकाठ
खोलीबद्दल वाद नाही. पण बाप पितो, आई रडते, पोरगं वाया जातं. त्या घरात कुणी हसतंय का एकदा तरी? माझे वडील ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होते. सुकडी खाऊन दिवस काढले, तरी रात्री भजनात पेटी वाजवायचे. गरीब माणूस चोवीस तास गरीब नसतो हो.

बिंदुसरा
दोघांचंही राहू द्या. पान ४० वर ‘टोळीत वीस कोयते, म्हणजे वीस माणसं’ असं छापलंय! अहो, कोयता म्हणजे जोडपं. एकटा असला तर अर्धा कोयता. हे माहीत नसणारा माणूस आमच्यावर लिहायलाय.

मोंढा_नाका
एका कोयत्यावरून अख्खं पुस्तक पाडायलेत का ताई?

बिंदुसरा
पाडणारच. त्या एका ओळीत बाई गायब झाली. उचल, म्हणजे हंगामाआधीचा ॲडव्हान्स, नवऱ्याच्या हातात, मोळी हिच्या डोक्यावर, आन् फळीवरून ट्रकात चढायचं हिनंच. पाळीत बसली की खाडा, त्याचे पैसे कट. माझ्या चुलतीनं तिशीच्या आतच गर्भाची पिशवी काढली. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ८२ हजार ऊसतोड बायांची पाहणी झाली, १३ हजारांवर बायांची पिशवी काढलेली निघाली. आन् कादंबरीतली आई काय करते? चुलीपाशी बसून डोळे पुसते.

मोंढा_नाका
वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्याला विकलेले पैसे तर बायांकडंच असतात की. आमच्या टोळीत तरी तसंच होतं.

बिंदुसरा
तुमच्या टोळीत? तुम्ही तोडायला होते का तोडून घ्यायला?

शेनपुंजीचा
वाढ्याचे पैसे बायांकडं, हे मी पहिल्यांदाच ऐकायलोय. आमच्याकडं मुकादम, म्हणजे टोळी आणणारा ठेकेदार, उचलीत वळते करून घ्यायचा. त्याच्याच भाच्यानं पुढं वाळूजला लेबर पुरवायचा ठेका घेतला. माणसं तीच, हिशोबाची वही तीच. कादंबरीनं नेमकं हेच पकडलंय म्हणून मी भांडायलोय.

मोंढा_नाका
हाव, मुकादमाचाच पोरगा आहे मी, करा काय करायचं ते. दोन टोळ्या उचल घेऊन पळाल्या. कारखान्यानं वसुली माझ्या बापाकडून केली, दोन एकर गेलं. आता मी सिडकोत हार्डवेअरच्या दुकानात कामाला आहे. मुकादम म्हटलं की मिशीवाला राक्षसच रंगवायचा, त्याच्या घरावर कादंबरी कोण लिहील?

बिंदुसरा
तुम्हीच लिहा. कोयत्याचा अर्थ तेवढा माझ्याकडून तपासून घ्या.

गोदाकाठ
पिशवीचं पुस्तकात असतं तर मी ‘दुकान’ म्हटलं नसतं. तेवढं ताईंचं कबूल. बाकी तुम्ही सगळे माझ्यावर चढलात, पण हसण्याचं उत्तर कुणी दिलं नाही.

शेनपुंजीचा
पान १३२, सर. पगार होतो, आई पावशेर भजी आणते. पोरगं विचारतं, पोलीस कस्टडीत पण भजी देतात का? सगळं घर हसत सुटतं. सगळ्यात शेवटी बाप हसतो. वाचलंच नसंल तुम्ही.

गोदाकाठ
ऐंशीव्या पानाला मिटलं होतं. भज्यांपर्यंत जाऊन येतो. ‘दुकान’ तूर्त मागं घेत नाही.