गिरगावातली पालिकेची मराठी शाळा: पहिलीला घालू का?

चाळकरीण: लेक जूनमध्ये पहिलीला. खेतवाडीत राहतो. पालिकेची मराठी शाळा इतकी जवळ आहे की रस्तासुद्धा ओलांडावा लागत नाही. पण पहिलीत म्हणे अकराच मुलं. सासूबाई म्हणतात, "ओस पडलेल्या शाळेत कशाला?" खाजगी इंग्रजीची फी ओढूनताणून जमेल. कुणाची मुलं पालिकेत आहेत का?

तीन_जिने: माझा मुलगा चौथीपर्यंत होता. वर्गात तेरा मुलं. बाई एकेकाला फळ्यापाशी बोलवायच्या, हातचा विसरला की जागच्या जागी पकडला जायचा. पन्नासच्या वर्गात हे होत नाही. उलट बाजूही सांगते. तिसरीत बाईंना निवडणुकीचं काम लागलं, तेव्हा तिसरी-चौथी एकाच खोलीत कोंबली. दोन महिने नुसतं शुद्धलेखन.

निवृत्त_मास्तर: ताई, नुसता पट विचारू नका, शिक्षक किती आहेत ते विचारा. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे छोट्या शाळेत वर्ग जोडले जाणारच. शिवाय ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला शिक्षक किती ते ठरतं. मुलं घटली की शिक्षक अतिरिक्त ठरतो, दुसरीकडे पाठवतात. मग पालक म्हणतात "शिक्षकच नाहीत" आणि दाखला काढतात. चाळी पडल्या, बिऱ्हाडं विरार-डोंबिवलीला गेली, उरलेल्यांनी इंग्रजी धरली. यात शाळेचा दोष किती, सांगा.

आणि दहावीच्या निकालाच्या फलकाला भुलू नका. अठरा मुलं बसली नि एक नापास झालं की निकाल ९४ टक्के. त्यावरून काय कळतं?

परळवाला: पालिकेच्या सीबीएसई शाळाही आहेत. २०२० मध्ये जोगेश्वरीच्या पूनमनगरला सुरुवात झाली. प्रवेश सोडतीने. पण सहा वर्षांच्या पोरीला गिरगावातून तिकडे रोज नेणार कोण? त्यापेक्षा आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याने खाजगी शाळांत गरीब-वंचित मुलांसाठी राखलेल्या, २५ टक्के जागा बघा. पालिकेची शाळा जवळ असेल तर खाजगीला सूट, असा बदल सरकारने केला होता, तो हायकोर्टाने २०२४ मध्ये रद्द केला.

चाळकरीण: आरटीईत आम्ही बसत नाही, उत्पन्न लाखाच्या वर आहे.

तीन_जिने: मग स्वतः जाऊन बघ. मधल्या सुट्टीत जा, सकाळी सगळं नीटनेटकं असतं. आणि मुलींचं शौचालय बघायला विसरू नकोस.

चाळकरीण: आज जाऊन आले. पहिलीला अकरा नाही, चौदा. बाई वर्गातच होत्या, खिचडी वाढत होत्या आणि एकाला "आधी हात धू" म्हणून परत पाठवलं. तिसरी-चौथी मात्र एकत्रच. शौचालयाच्या एका दाराला कडी नाही, ते बोलून दाखवलं. बाईंनी लेकीला नाव विचारलं, तिने आडनावासकट ठणकावून सांगितलं. जन्मदाखला नेला नव्हता. सोमवारी घेऊन जाते. सासूबाईंना अजून सांगितलेलं नाही.