अनुभव धागा: उकिरडा उचलला, तो परत पडू नये म्हणून काय करता?

फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या कचरा डेपोकडं जाणाऱ्या गाड्या तिथल्या गावकऱ्यांनी अडवल्या आणि तेव्हाच्या औरंगाबादेत गल्लोगल्ली ढीग साचले. मराठवाड्यातल्या शहरांत सफाईचं काम करणाऱ्यांनी कामाचं तेवढं इथं लिहावं.

स्वच्छता निरीक्षक, नांदेड
आधी ढीग उकरून बघा. बिलं, कुरिअरची पाकिटं, कोंबडीची पिसं निघतात. टाकतंय कोण ते तिथंच कळतं. बहुतेकदा घंटागाडी नऊला येते आणि घरातली माणसं आठलाच कामावर गेलेली असतात. मग पिशवी कोपऱ्यावर. गाडीची वेळ बदला, हॉटेलांसाठी रात्रीची फेरी लावा, मगच दंडाची पावती फाडा.

जेसीबीनं ढीग उचलताना खालची मातीही खरवडली जाते. खड्डा राहतो, पाणी साचतं आणि त्या घाणीत लोक पुन्हा टाकतात. त्याच दिवशी मुरूम टाकून दाबून घ्या. तिथं कुंडी ठेवू नका, ती भरली की भोवती ढीग सुरू. सकाळी 5 ते 8 आणि रात्री 9 ते 11 माणूस उभा हवा, किमान तीन आठवडे.

बांधकाम पर्यवेक्षक, जालना
मुरमाचं दादांनी अगदी बरोबर सांगितलं. बांधकामाच्या मलब्याचं दुखणं वेगळं आहे. टाकायची जागा लांब असली की ट्रॅक्टरवाला डिझेल वाचवायला रात्री नाल्यात ट्रॉली पलटी करतो आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात पाणी वस्तीत शिरतं. शहराच्या दोन-तीन बाजूंना जागा ठरवून द्या आणि ब्रासप्रमाणे (100 घनफूट) पैसे बांधकाम परवान्यातच घ्या. ट्रॉलीचा फोटो नंबरासकट काढा. नुसत्या ढिगाच्या फोटोवर कुणावरच काही लागू होत नाही.

खत प्रकल्प, लातूर
ओल्या कचऱ्यात एक वीट आली तरी श्रेडरचं (कचरा बारीक करणाऱ्या यंत्राचं) पातं जातं. आपल्याकडं पऱ्हाट्या, तुराट्या (कापसाच्या, तुरीच्या वाळलेल्या काड्या) भरपूर. बारीक करून थरात घाला, वास कमी होतो. ढिगातला मूठभर माल आवळला की दोन-चार थेंब पडावेत. धार लागली तर ढीग सडतो, कोरडा राहिला तर कुजणं थांबतं. एप्रिल-मेमध्ये वरचा थर दुपारपर्यंत वाळून कडक होतो, म्हणून पाणी संध्याकाळी मारा आणि आठवड्याला उलथापालथ करा.

भिंती-पोस्टर पथक, संभाजीनगर
शहराच्या जुन्या दगडी दरवाजांवरचे (वेशींवरचे) पानाचे डाग काढायला ॲसिड वापरू नका, दगडांमधला चुना खाऊन टाकतं. साधं पाणी, नायलॉनचा मऊ ब्रश. वरून ऑइलपेंटही नको. आतली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटतात. जाहिरात रंगवणाऱ्याला 1995 चा विद्रूपीकरण प्रतिबंधक कायदा लागतो: 3 महिन्यांपर्यंत कैद, 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पुसण्याआधी फोटो आणि पंचनामा करा, नाहीतर पुरावा तुम्हीच पुसता.

स्वच्छता निरीक्षक, नांदेड
वर एक राहिलं. पहाऱ्याला रविवारी सुट्टी देऊ नका. मटणाच्या पिशव्या त्याच दिवशी येतात.