ओरखडे पडलेली सीडी शेवटी कोणत्या ड्राइव्हने वाचली? नागपूरकरांनो, अनुभव लिहा

दिवाळीच्या आवराआवरीत आईच्या लोखंडी कपाटातून ११ सीड्या निघाल्या. ताईच्या २००३ सालच्या लग्नाच्या तीन व्हीसीडी (व्हिडिओ सीडी), बाकी फोटोंच्या. कव्हरं केव्हाच गेलेली, सगळ्या एकावर एक रचलेल्या आणि मध्ये पेपरचे तुकडे. लग्नाची दुसरी व्हीसीडी, म्हणजे नेमकी मंगलाष्टकांची, लॅपटॉपमध्ये घातली की दहा मिनिटं घरघर चालते आणि मग 'सायक्लिक रिडंडन्सी चेक', म्हणजे डेटा नीट वाचता आला नाही अशी चूक. बर्डीच्या बाजारात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "सीडीचं काम आता कोण करून राहिलं मॅडम?"

तर ज्यांनी अशा सीड्या वाचून काढल्या, त्यांनी कोणता ड्राइव्ह, काय युक्ती आणि काय फसलं ते लिहा. स्वतः केलेलंच लिहा, ऐकीव नको.

महालातला जुना भिडू
लॅपटॉपचा पातळ ड्राइव्ह सोडा. मी आधी यूएसबीवर चालणारा पातळच घेतला होता, नवाकोरा. २० पैकी ९ सीड्या त्याने ओळखल्याच नाहीत. मग माळ्यावरच्या २००८ च्या टॉवरमधून लाइट-ऑनचा जाडा डीव्हीडी रायटर काढला आणि साटा-टू-यूएसबी कन्व्हर्टरला (टॉवरमधला ड्राइव्ह यूएसबीवर चालवणारी जोडणी) जोडला. त्या नऊपैकी सात वाचल्या! कन्व्हर्टर घेताना वेगळा अडॅप्टर असलेलाच घ्या. जाड्या ड्राइव्हला १२ व्होल्ट लागतात, यूएसबीतून ५ च मिळतात.

आणखी एक. डीव्हीडी रायटरमध्ये सीडीचं लेझर वेगळं (७८० नॅनोमीटर) आणि डीव्हीडीचं वेगळं (६५०). एक थकलं तरी दुसरं चालतं. त्यामुळे जुना ड्राइव्ह घेताना "बघा, डीव्हीडी चालून राहिली" एवढ्यावर जाऊ नका, घरची सीडी घालून पाहा.

इतवारी स्टुडिओवाला
ताई, अशा व्हीसीड्या आम्हीच वाटल्या आहेत, म्हणून थोडं आमच्याही पापाचं सांगतो. डेटा सीडीत चुका दुरुस्त करायची दोन कुंपणं असतात. व्हीसीडीत व्हिडिओ जास्त मावावा म्हणून आतलं कुंपण काढून टाकलेलं. म्हणून फाइल कॉपी करायला गेलं की विंडोज अडून बसतं आणि तीच सीडी प्लेअरवर लावली तर दोन-चार चौकोन फुटून पुढे सरकते. कॉपीचा नाद सोडून आधी नुसती वाजवून पाहा.

दुसरं म्हणजे ओरखड्याची दिशा बघा. मधून कडेकडे गेलेला असला तर घाबरायचं काम नाही. तो प्रत्येक फेऱ्याला जरासा कापतो आणि सीडीच्या गणितात साधारण अडीच मिलिमीटरची सलग खाच भरून निघते. गोल गेलेला ओरखडा वाईट, तो एकाच वाटेवर लांबपर्यंत खात जातो. पुसतानाही म्हणूनच मधून बाहेर पुसायचं. आणि ट्यूबलाइटसमोर धरून बघा. छापील बाजूला टाचणीएवढा उजेड दिसला तर तिथला माल गेला, कारण सीडीचा डेटा लेबलाच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधोमध असतो, म्हणून ती वरून एवढी मरत नाही. नवरा-नवरीची नावं आम्ही सीडीवर बॉलपेनने लिहून द्यायचो. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

धरमपेठेतून
टूथपेस्ट. गोल गोल घासली. पुढचं विचारू नका.

लिनक्सवाला, प्रतापनगर
माझं मत, एकच 'चांगला' ड्राइव्ह शोधण्यापेक्षा दोन वेगळ्या कंपन्यांचे जवळ ठेवा. बाबांच्या कागदपत्रांची एक डीव्हीडी होती. डीडीरेस्क्यू नावाच्या डेटा वाचवणाऱ्या प्रोग्रामने वाचायला लावली. ते आधी सोपं सोपं उचलतं, अडलेल्या जागा एका नकाशा-फाइलीत लिहून ठेवतं आणि नंतर तिथेच पुन्हा जातं. एलजीच्या ड्राइव्हवर रात्रभरात ३८ एमबी वाचायचे राहिले. तीच नकाशा-फाइल देऊन दुसऱ्या दिवशी पायोनियर लावला, ६ वर आलं. परत एलजीवर गेलो तर २! एकाला जे दिसत नाही ते दुसऱ्याला दिसतं.

वेगही बांधा. ५२एक्सवर (मूळ वेगाच्या ५२ पट) सीडी मिनिटाला दहा हजारांच्या आसपास फेरे घेते, ओरखडा आला की लेन्स सैरभैर. मी ४एक्सवर ठेवतो. पण ताई, व्हीसीडीला डीडीरेस्क्यू चालत नाही, तिथे सेक्टरची, म्हणजे डेटाच्या छोट्या तुकड्यांची, मांडणीच वेगळी. तुम्ही आयसोबस्टर या प्रोग्रामने काढा.

मनीषनगर
ड्राइव्ह बदलण्याआधी लेन्स पुसा. आमचा कॉम्प्युटर कूलरच्या थेट हवेत होता. दोन उन्हाळ्यांत लेन्सवर खसाच्या भुशाचा थर! कानकोरणीच्या कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून हलकेच फिरवलं. 'खराब' सीड्यांतल्या अर्ध्या चांगल्याच निघाल्या.

सदरवाला
कंपनीच्या नावावर फार जाऊ नका. माझ्याकडे एकाच कंपनीचे दोन ड्राइव्ह, मॉडेलही तेच. एक ओरखड्यांवरून नाचत जातो, दुसरा बोटाचा ठसासुद्धा सहन करत नाही. किती वापरलाय त्यावर आहे सगळं.

धागाकर्ती
सगळ्यांची आभारी आहे. इतवारीच्या भाऊंचं ऐकून ट्यूबलाइटसमोर धरली, भोक नाही. ओरखडे बहुतेक मधून कडेला गेलेले, एकच गोल, तोही कडेला. भाच्याच्या जुन्या टॉवरमध्ये सॅमसंगचा जाडा ड्राइव्ह होता, आधी लेन्स पुसली, मग आयसोबस्टर. तीन तास लागले. मंगलाष्टकं आली! चौथ्या कडव्याला भटजी चौकोनी होतात आणि मामा हवेत विरघळतात, पण आवाज स्वच्छ आहे. आजीचा आवाज त्यात आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं.

फोटोंच्या दोन सीड्या मात्र कोणत्याच ड्राइव्हला दिसत नाहीत. ओरखडा एक नाही, खालची बाजू फिकट पिवळट झाली आहे. काही होईल का?

लिनक्सवाला, प्रतापनगर
खिडकीजवळ होत्या का? राइटेबल सीडीचा रंग उन्हाने उडतो, ती गोष्ट ओरखड्यापेक्षा अवघड. तरी माझ्याकडे चार ड्राइव्ह पडून आहेत. रविवारी सकाळी घेऊन या, लावून पाहू.

इतवारी स्टुडिओवाला
मीही येतो. प्लेक्स्टर कंपनीचा एक जुना ड्राइव्ह माझ्याकडे आहे, आयडीईवाला (जुन्या रुंद केबलचा). केबल तेवढी तुमची.